जांभळी खूण

"काट्यावर चढ," सासूबाई म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आमच्या आवारात कडुलिंबाच्या जाड फांदीला मोठा काटा टांगलेला असे, साखळ्यांवर लोंबणारी दोन लोखंडी पारडी असलेला. एकात वजनं ठेवायची, दुसऱ्यात गोणपाटात बांधलेलं डुकराचं पिलू. पिलू जिवाच्या आकांताने ओरडायचं आणि व्यापारी घाम पुसत आकडा सांगायचा. पण त्या मे महिन्यात आवारात एकही पिलू नव्हतं, आणि घरातलं सगळं भांडण त्यावरूनच चाललं होतं.

"कोण, मी?"

"मंग का मी चढू? चढ लवकर. लोखंड तापलं का मंग बसता येणार नाई तुले."

"पण कायले, आई?"

"कायले म्हंजे? सुनेचं वजन माहीत नसावं का सासूले?"

नवरा दुसऱ्या पारड्यापाशी वजन हातात घेऊन उभा होता. मोरेश्वर त्याचं नाव. माणूस सरळ, पण आईने काही सांगितलं की 'का' म्हणून विचारायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी पदर खोचला आणि पारड्यात मांडी घालून बसले. कडुलिंबाखालच्या चिखलात लोळणाऱ्या डुकरिणींनी मान वर करून पाहिलं. त्यांनाही हे नवीन होतं.

"पन्नासले थोडं कमी," मोरेश्वर म्हणाला.

"म्हंजे अर्धा चमचा," सासूबाई पुटपुटल्या.

"काय अर्धा चमचा?"

"काई नाई. उतर."

माझं सासर चंद्रपूरच्या बाजूचं. तिथल्या उन्हाबद्दल बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला थाप वाटते. मे महिन्यात आमच्याकडे कावळासुद्धा उडायचं सोडून झाडाखालून चालत जातो. त्यात मेच्या शेवटाला नवतपा लागतो. ते नऊ दिवस सूर्याचे आणि बाकी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचे.

लग्नात मुलीला आंदण म्हणून कोणी गाय देतं, कोणी कपाट देतं. माझ्या माहेरी तीन पिढ्या डुकरं पाळत आलेल्या, म्हणून बाबांनी मला दोन डुकरिणी दिल्या. रंभा आणि मैना, सख्ख्या बहिणी. "पोरीले करमणार नाई," बाबा म्हणाले, "ओळखीचं कोणी पायजे सोबत." वरातीचा ट्रक निघाला तेव्हा पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि मोरेश्वर, मागे त्या दोघी. सासरच्या दारात पार्बताबाई, म्हणजे सासूबाई, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ट्रकात पाहिलं, आणि आम्हा तिघींवरून एकच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

तेव्हापासून त्यांच्या लेखी आम्ही तिघी एकाच घरच्या, एकाच वाणाच्या. रंभाने चारा सांडला तर बोलणी मला बसत. माझी भाजी खारट झाली तर मैनाच्या पाठीत काठी बसे. पण रंभा-मैना गुणी निघाल्या. माहेरून आणलेल्या काळ्या नरापासून त्यांना पिलं होत राहिली, त्यांच्या लेकीही मोठ्या झाल्या, आणि आवारात आठ माद्या झाल्या. चार वर्षांत वाढ झाली नाही ती फक्त माझीच. सासूबाई वैद्याकडून चूर्ण आणून द्यायच्या, मी ते घ्यायचे, दर महिन्याला त्या माझ्या तोंडाकडे पाहायच्या आणि उसासा टाकून कामाला लागायच्या. त्या उसाशाला मी फार भ्यायचे.

हिवाळ्यात म्हातारा काळा नर मेला, आणि होळीला मोरेश्वर नवा घेऊन आला. पांढराशुभ्र, गुलाबी कानांचा, विलायती जातीचा, म्हशीएवढा. चालायचा असा की जणू सगळं आवार त्याच्या नावावर आहे. मोरेश्वरने त्याचं नाव ठेवलं फौजदार. फौजदार चिखलात लोळणार नाही, झाडाखाली राहणार नाही, म्हणून त्याच्यासाठी खास सिमेंटचा ओटा आणि वर चकचकीत पत्रे टाकले. मोरेश्वर गावोगाव बियाण्यांची पाकिटं पोचवायचं काम करी. दिवसभर भर उन्हात मोटारसायकलवर. काळी सीट, खाली तापलेलं इंजिन, घट्ट पँट, डोळ्यांवर गॉगल. घरी आला की गाडीवरून उतरून आधी फौजदारासमोर जाऊन उभा राहायचा. दोघं एकमेकांकडे कौतुकाने पाहत.

आणि होळीपासून एकही मादी गाभण राहिली नाही. नर लावला की तीन आठवड्यांनी मादी परत माजावर यायची. आमच्याकडे त्याला म्हणतात, मादी उलटली. आधी रंभा उलटली, मग मैना, मग त्यांच्या लेकी. एकजात सगळ्या.

"समजलं मले," सासूबाई एक दिवस चुलीपुढून म्हणाल्या. "हे तुह्या वाऱ्यानं होऊन राहिलं. आधी तू. आता तुही हवा लागली त्याइले."

"चार वर्स नाई लागली, आता कशी लागली, आई?"

"चढते हळूहळू. जुन्या दुखण्यासारखं." त्यांनी भाकर उलटली. "मी मिरगापर्यंत, पाऊस लागेपर्यंत वाट पाहीन. मिरग लागेपर्यंत एक तरी राह्यली पायजे. तू नाई तं रंभा, रंभा नाई तं मैना. कोणी नाई राह्यली तं ज्या ट्रकात आल्या त्याच ट्रकात तिघी परत. मोरेश्वरासाठी मी दुसरीकडं पाहून ठेवलं हाय."

मी मोरेश्वरकडे पाहिलं. तो अंगणात फौजदाराच्या पाठीवरच्या माश्या हाकत होता. "आई बोलते, मनावर घेऊ नको," तो मला नंतर म्हणाला. पण "मी तुला पाठवणार नाही" असं काही म्हणाला नाही. ते ऐकायची मी बराच वेळ वाट पाहत होते, म्हणून मला नीट आठवतं.

त्याच आठवड्यात डॉक्टर देवतळे आले. नागपूरच्या एका पशुखाद्याच्या कंपनीसाठी ते जनावरांवर औषधं करून पाहायचे. डोक्यावर ओला पंचा, मांडीवर लाकडी पेटीत सूक्ष्मदर्शक, आणि जीपमध्ये पत्र्याचा मोठा डबा. डब्यावर चित्र होतं, एक जाडजूड डुकरीण आडवी पडली आहे आणि तिला पिलांची झालर लागली आहे. सासूबाईंनी ते चित्र खूप वेळ पाहिलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं त्या एकेक अक्षर लावत वाचत गेल्या. "उन्हाळ्यातही... माज वेळेवर. हमखास... गर्भधारणा. भरपूर... दूध, भरपूर... पिलं."

"उन्हाने जनावर खायचं कमी करतं, अंगातले क्षार घामाबरोबर... म्हणजे डुकराला घाम येत नाही, पण धापेबरोबर जातात," डॉक्टर सांगू लागले. ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "ह्या पावडरीत क्षार आहेत, जीवनसत्त्वं आहेत, खमीर आहे. जनावराने चवीने खावं म्हणून संत्र्याचा वास घातलाय. मी तुमच्या चार माद्यांना देणार आणि चारांना देणार नाही. मग कोणत्या राहतात ते पाहू. म्हणजे पावडरीचा गुण कळेल."

"चौघींलेच कायले?" सासूबाई म्हणाल्या. "डबा तं मोठा हाय."

"तोच तर प्रयोग आहे, मावशी. सगळ्यांना दिलं तर कळणार कसं?" डॉक्टरांनी खिशातून जांभळ्या औषधाची बाटली काढली आणि कापसाचा बोळा बुडवून रंभाच्या मानेवर कानामागे ठसठशीत ठिपका काढला. "जिला पावडर, तिच्या मानेवर ही खूण. रंग पुसट झाला की परत लावायचा. बाटली ठेवून जातो. वजनाप्रमाणे माप, शंभर किलोला एक चमचा. पण खुणेकडे लक्ष. खुणेशिवाय काही खरं नाही."

"म्हंजे खूण नसली तं लागू नाई पडत?"

डॉक्टर तोवर दुसऱ्या डुकरिणीच्या मागे धावत होते. "हो हो, अगदी बरोबर," ते तिकडूनच म्हणाले.

रंभाला खूण झाली, मैनाला नाही. तिचा चेहरा बिचारीचा पडला, निदान मला तसं वाटलं. वैद्याचं नवं चूर्ण माझ्या घशाखाली उतरत नव्हतं, इतकं कडू. मैनाला कडू आवडायचं, निंबोळ्या ती शोधून खायची. म्हणून मी रोज सकाळी माझं चूर्ण तिच्या कोंड्यात टाकू लागले. तिला खूण नाही तर नाही, काहीतरी मिळावं.

मग काट्याचा प्रसंग झाला. आणि दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्या ताकाला संत्र्याचा वास आला.

"आई, ताकाले वास येऊन राहिला."

"कायचा?"

"संत्र्याचा."

"गाईनं साल खाल्लं असन," सासूबाई म्हणाल्या. "पी."

मे महिन्यात आमच्या गावात संत्र्याचं साल बघायला मिळत नाही. पण सासूशी गाईच्या आहारावरून वाद घालणारी सून मी अजून पाहिलेली नाही. मी प्यायले. खरं सांगायचं तर चांगलं लागलं.

त्याच दिवशी त्यांनी मला उंबऱ्यात बसवलं आणि तेलाची वाटी घेतली. "ये, केसं पाहू तुही. उन्हानं पार गेली." चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात माझ्या डोक्याला लागला. त्यांनी सावकाश तेल जिरवलं, बटा सोडवल्या, घट्ट अंबाडा बांधला, मग मानेवर ओल्या कापसाने काहीतरी पुसलं. "घाम येते तठी, औषध लावलं थंड." मला खरंच थंड वाटलं. मला आईची आठवण आली आणि डोळे भरून आले. आता ही बाई मला परत पाठवणार नाही, असं मला त्या उंबऱ्यात वाटून गेलं. चार दिवसांनी त्यांनी परत तेल लावलं, परत मान पुसली. मी त्या तेलाच्या दिवसाची वाट पाहायला लागले.

नवतपा लागला. पत्र्यांवर कबूतर बसलं तर नाचत उठायचं. फौजदार ओट्यावर जीभ काढून पडलेला असे, तोंडाला फेस, पण रुबाब तोच. मोरेश्वर दुपारी घरी येऊन त्याच्यावर एक पंखा फिरवायचा आणि परत गाडीवर टांग टाकायचा.

अशा एका सकाळी डॉक्टर देवतळे आले. त्यांना सगळ्या माद्या पाहायच्या होत्या. त्यांनी रंभा पाहिली, तिच्या लेकी पाहिल्या, मैना पाहिली. प्रत्येकीनंतर त्यांचा चेहरा आणखी लांबत गेला.

"ही उलटली. हीही उलटली. खुणेचीही उलटली, बिनखुणेचीही उलटली." ते डब्यात डोकावले आणि ओरडलेच. "आणि पावडर? निम्मा डबा रिकामा? चार माद्यांनी इतकी खाल्ली? मावशी, तुम्ही बिनखुणेच्यांनाही घातली का?"

"देवाशप्पथ नाई!" सासूबाई कानाला हात लावून म्हणाल्या. "खूण हाय तिलेच देल्ली. एक कणबी इकळचा तिकळं नाई."

"मग खुणा मोजतो मी," डॉक्टर म्हणाले आणि बोट पुढे करून कडुलिंबाभोवती फिरू लागले. "एक, रंभा. दोन. तीन. चार..."

मी तेव्हा पाणवठ्याच्या नांदीत पाणी ओतायला वाकले होते. अंबाडा वर बांधलेला, मान उघडी.

"पाच," डॉक्टर म्हणाले.

मी मान वळवली तर डॉक्टरांचं बोट माझ्याकडे होतं. ते बोट तसंच हवेत राहिलं. मोरेश्वर ओशाळून हसला.

"तुले माहीत होतं?" मी त्याला विचारलं. चारचौघांत अहो-जाहो करायचं भान राहिलं नाही.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "मले वाटलं, बायांची काई पूजा असन."

"ही खूण कोणी केली?" डॉक्टर.

"मी केली," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "तुमीच म्हणलं ना, खुणेशिवाय लागू पडत नाई. मानेवर, कानामागं. बरोबर जागी केली हाय, पाहून घ्या. वजनबी केलं. अर्धा चमचा बसते तिले."

"मावशी, ती पावडर डुकरिणीसाठी आहे!"

"ऊन का डुकरिणीलेच लागते? माणसाले नाई लागत?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून घाईघाईने सांगितलं की पावडरीत वाईट काही नाही, पण आता पुरे. मला आधी हसू आलं. मग ती तेलाची वाटी आठवली, तो उंबरा आठवला, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. ती माया नव्हती, ते माप होतं. असा राग आला मला, की जे कधी बोलले नसते ते मी बोलून गेले.

"आई, मग तुमीबी ऐकून घ्या. तुमचं हे नवं चूर्ण मी एक दिवसबी नाई खाल्लं. मैनानं खाल्लं. पहिल्या पुडीपासून."

"मैनानं?"

"तिले कडू आवडते."

डॉक्टर पालथ्या घमेल्यावर बसले. ओला पंचा त्यांनी डोक्यावरून तोंडावर ओढला. "म्हणजे डुकरिणीचं सुनेला आणि सुनेचं डुकरिणीला," ते पंच्याआडून म्हणाले. "मी साहेबांना काय कळवू? कोणत्या तोंडाने कळवू?"

सासूबाईंनी मात्र कंबरेवर हात ठेवले होते. त्यांना हरल्यासारखं काही वाटत नव्हतं, उलट खटला जिंकल्यासारखा चेहरा झाला होता. "चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. "आता तं काई बाकीच नाई राह्यलं. पावडर रंभाले देल्ली, उलटली. चूर्ण मैनाले देल्लं, उलटली. सुनेले पावडर, कोरडीच. समदी औषधं समद्याइले देऊन झाली. दोष औषधाचा नाई, वाणाचा हाय. मोरेश्वर, जा, ट्रकवाल्याले निरोप दे. मिरगाची वाट कायले पाह्यची?"

माझ्या हातातली बादली खाली पडली. मोरेश्वर उठला. खरंच उठला, चप्पल पायात घातली. तो ट्रकवाल्याकडे जाणार होता की नुसता उठला होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला फक्त त्याच्या चपलेचा आवाज ऐकू आला.

"थांबा," डॉक्टर पंच्यातून बाहेर आले. "जरा थांबा. आठ माद्या. काहींना पावडर, काहींना नाही, एकीला चूर्ण. सगळ्या उलटल्या. मग सगळ्यांना सारखं काय मिळालं?"

"पाणी," सासूबाई म्हणाल्या.

"आणखी?"

"कोंडा."

"आणखी?"

पत्र्याखालून फौजदार मोठ्याने गुरगुरला. आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"त्याले काई नाई झालं!" मोरेश्वर ताडकन म्हणाला. "डॉक्टर, अंग पाहा त्याचं. चेहरा पाहा. असा चेहरा जिल्ह्यात नाई सापडणार."

"चेहऱ्याने पिलं होत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि पत्र्याखाली गेले. गेले तसे उलटे बाहेर आले. "अहो, ही भट्टी आहे! माद्या चिखलात, झाडाखाली, मजेत. आणि ह्याला तुम्ही लाडाने भाजताय?"

मग त्यांनी फौजदाराचं बीज तपासायला घेतलं. ते कसं घेतात ते मला विचारू नका. तेवढा वेळ सासूबाई आणि मी आत जाऊन तांदूळ निवडत होतो. एकमेकींकडे न पाहता, दोघी एकाच सुपात. बाहेरून मोरेश्वरचा, "अरे बाप्पा, हळू!" असा आवाज आला. मी इतके खडे काढले की शेवटी चांगले तांदूळही फेकून दिले.

आम्हाला हाक आली तेव्हा सूक्ष्मदर्शक ओट्यावर मांडलेला होता. मोरेश्वरने आधी डोळा लावला. "काई दिसत नाई," तो म्हणाला.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एक डोळा झाकला, दुसरा नळीला लावला आणि बराच वेळ हलल्या नाहीत. "हे शेपटीवाले?"

"तेच."

"हे तं सारे झोपले हायत."

"झोपले नाहीत, मावशी. मेलेत."

"सारे?"

"जवळजवळ सगळे. कोपऱ्यात एकदोन हलताहेत, पण ते आपल्याच भोवती फिरताहेत."

सासूबाईंनी डोळा काढला, पदराने पुसला, परत लावला. "पण हा तं खाते, पिते, वरडते," त्या नळीतूनच म्हणाल्या. "लावला का लागते बी. बाहेरून काईच कळत नाई."

"बाहेरून कळतच नाही, तीच तर गंमत आहे," डॉक्टर आता खुलले होते, प्रयोग बुडाल्याचं विसरून. "नराचं बीज अंगापेक्षा थंड राहावं लागतं. म्हणून तर देवाने ते पोटात न ठेवता बाहेर ठेवलंय, वारा लागावा म्हणून. ते रोज तापत राहिलं की आतल्या आत मरतं. रुबाब तेवढाच राहतो. आणि लोक मादीला औषध पाजत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!"

"असं समद्या नराइचं असते?"

"सगळ्या. डुक्कर, बोकड, सांड."

"आन..." सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत.

"आणि सगळेच," डॉक्टर काच पुसता पुसता म्हणाले. "त्याला पत्र्याखालून काढा. झाडाखाली ठेवा, अंगावर ओलं गोणपाट, दुपारी बाहेर काढायचा नाही. उरलेली पावडर त्यालाच घाला. नवं बीज तयार व्हायला दीडएक महिना जाईल. तोवर कोणाला विकू नका. माद्यांमध्ये काही दोष नाही, माद्या ठणठणीत आहेत."

"समद्या?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळ्या. खुणेच्या, बिनखुणेच्या, सगळ्या."

डॉक्टर गेले. मोरेश्वर चप्पल घालून उभा होता तो तसाच उभा होता. शेवटी त्याने ती काढून ठेवली. त्या दिवशी घरात ट्रकाचं नाव निघालं नाही. सासूबाई जेवल्या नाहीत. नुसत्या जात्यावर बसून एकदा मोरेश्वरकडे पाहायच्या, एकदा दारातल्या मोटारसायकलकडे.

रंभा-मैनाचं पुढे दिवाळीच्या सुमाराला चांगलं झालं, पिलांनी आवार भरून गेलं. माझं काय झालं ते या गोष्टीत येत नाही. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळीच संपली.

मी उठून बाहेर आले तेव्हा फौजदार कडुलिंबाखाली होता. अंगावर ओलं गोणपाट, शेजारी रंभा. आयुष्यात पहिल्यांदा चिखलात बसून तो जरा गोंधळल्यासारखा दिसत होता. मी नांदीत पाणी ओतत होते. सासूबाई मागून आल्या आणि माझ्या मानेवर तेलाचं बोट फिरवू लागल्या, मग ओल्या पदराने घासू लागल्या. बराच वेळ घासत राहिल्या. मान चरचरली, पण मी हलले नाही.

"निंगत नाई लवकर," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

"निंगन हळूहळू," मी म्हणाले.

तेवढ्यात मोरेश्वर बाहेर आला. घट्ट पँट, केसांना तेल, गॉगल. मोटारसायकलपाशी गेला आणि थबकला. काळ्या सीटवर चौपदरी ओलं गोणपाट घातलेलं होतं, खाली पाणी ठिबकत होतं.

"आई, हे कोणं ठेवलं?"

"मी."

"पँट ओली होईन ना माही!"

"होऊ दे. आन ही पँट आजपासून नाई. धोतर नेस. दुपारी गाडीबी नाई, दुपारी कडुलिंबाखाली बसायचं."

"कडुलिंबाखाली फौजदार हाय!"

"दोघांले जागा हाय," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी फांदीकडे हात केला. "काट्यावर चढ."

"मी? कायले?"

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चार वर्षांत त्याने पहिल्यांदा 'कायले' विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला मी होते.

"चढा," मी म्हणाले. "लोखंड तापलं का मंग बसता येणार नाई तुमाले."

तो गॉगलसकट पारड्यात बसला. फांदी करकरली. वजनं मी टाकली, एकेक करून, सावकाश. सत्तरच्या जरा खाली काटा सरळ झाला.

"पाऊण चमचा," मी सांगितलं.

सासूबाईंनी डब्यातून पावडर मोजून ताकात टाकली. पेला त्याच्या हातात दिला. त्याने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांनी कनवटीची जांभळी बाटली काढली, बूच उघडलं, कापूस बुडवला. त्याच्याकडे एक पाऊल टाकलं, थांबल्या, आणि मागे वळून बाटली-कापूस माझ्या हातात ठेवला.

"तू कर," त्या म्हणाल्या.

मी काट्यापाशी गेले.

"मान वाकवा," मी म्हणाले.